बिडीच्या मापाचा तालुका

आमचे दादा, म्हणजे माझे वडील बाजीराव, मराठवाड्यातल्या एका विरळ तालुक्यात तीस वर्षं कोतवाल होते. तालुका लांबरुंद, माणसं मोजकी. दोन तास चालावं तेव्हा कुठे एखादी म्हैस भेटायची, तीही वाट चुकलेली. निजामाच्या काळात तिथे घोडे बदलायची चौकी होती, तेवढ्या भांडवलावर तो तालुका झाला. दवंडी द्यायला दादा वाडी-वाडी पायी फिरले. आता कामोठ्यात सातव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टवर अजिबात विश्वास ठेवत नाहीत.

यंदा नेरूळला आमच्या तालुकेकरांचं स्नेहसंमेलन ठरलं. स्मरणिकेत तालुक्याचा नकाशा हवा होता. मिळालेल्या नकाशात तीन-चार घरांच्या वाड्या नव्हत्याच. दादांनी महिनाभर खपून आठवणीतून स्वतःच नकाशा काढला, त्यात अशा एकोणीस वाड्या दाखवल्या, प्रत्येकीखाली घरांची नावं लिहिली. हा नकाशा छापला नाही, तर या वाड्या कुठेच उरणार नाहीत, ही त्यांची धास्ती होती.

छपाईचं काम बघणारा रोहन इंजिनियर. त्याने घरी येऊन फोनवरच्या नकाशाशी ताडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकही अंतर जुळेना. दादांनी शांतपणे सांगितलं, की एक बिडी ओढून होईतो जेवढी वाट सरते, तेवढं कागदावर एक बोट. चढ असला की पाय रेंगाळतात, बिड्या जास्त लागतात. रोहनला हळूहळू पटू लागलं. मला तर दादांचा भलताच अभिमान वाटला.

तेवढ्यात त्याची नजर बोरवाडीवर अडली. सपाट रस्ता, चौदा किलोमीटर, आणि इथे जेमतेम एक बोट. ही मात्र चूकच, असा नकाशा छापता यायचा नाही, असं म्हणून तो कागदाची घडी घालू लागला. दादा चष्मा पुसत बसले.

बोरवाडी हे माझ्या आईचं, चांगुणाबाईचं माहेर. ती शेजारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चूक न्हाई ती. माह्या बापाला बिडीचा वास खपत नव्हता. ह्ये त्या वाटंवर कधी बिडीच वढत नव्हते."

मग हे एक बोट कशाचं, रोहनने विचारलं.

"लगीन ठरलं त्या दिवशीचं," दादा म्हणाले. "परत येताना वढली."

नकाशा छापला. खाली रोहनने प्रमाणही दिलं: एक बोट, एक बिडी. संमेलनात सगळे आपापली घरं शोधत होते. आई मात्र बोरवाडीच्या वाटेवर बोट ठेवून बसली होती, आणि ती वाट तिच्या बोटाखाली पुरती झाकली गेली होती.