अंबागडावर सांडलेलं पाणी

१२ जानेवारी, सोमवार. सासूबाईंचा वॉकर अंगणात घासायला काढला आहे. इथे कारध्यातच, आमच्या गावात, एका बाईला हवा आहे, दुपारी न्यायला येतील. त्याआधी हे लिहून टाकते. आजवर कोणाला सांगितलं नाही – नवऱ्यालाही नाही.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, लकवा झाला, डावी बाजू गेली. पुढे थोडं थोडं सुधारलं. वॉकर धरून, शेजारी कोणी असलं तर, चालायच्या. मी त्यांचं सगळं केलं. पण मनात एक किडा होता. आंब्याच्या लोणच्याची बरणी मी वरच्या फळीवर ठेवायची. एक दिवस ती खाली ओट्यावर दिसली. कोणी काढली? घरात तर त्या एकट्याच होत्या. म्हणजे हात वर जातो, पाय उभे राहतात – आणि मी आहे म्हणून बसून खातात? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे सुनेसारखं नाही, पोलिसासारखं पाहायला लागले.

त्यांचं माहेर अंबागडाखालचं. लहानपणी गडावर शेळ्यांमागे पळायच्या. बरी झाले तर गडाखाली रोडगे करीन, असा त्यांचा नवस होता. तो फेडायला गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजले, वांग्याची भाजी केली. जेवणं झाल्यावर दोन्ही लेकांनी प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधले आणि आईंना वर नेलं.

"काहून वो माय, राणी वाटून राहिली का?" दीर धापा टाकत म्हणाले.

"राणीले एवढे हिसके नाही बसत," आई म्हणाल्या.

वर पडक्या भिंतीच्या सावलीत खुर्ची ठेवली. सगळे बुरूज पाहायला गेले. मी आईंजवळ थांबते म्हणाले. सगळ्यांना वाटलं, सून जपते.

मग मी सोबत आणलेला वॉकर उचलला, "येतो पाहून" म्हटलं आणि भिंतीमागे गेले. भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेलं भोक होतं – त्याला डोळा लावून उभी राहिले. आता उठतील. आता चालतील. मग बघते!

"रेखा... ओ रेखा." त्यांनी हाक मारली. मी भोकावरून डोळा काढला नाही.

त्यांनी उजव्या हाताने खुर्ची दाबून उठायचा प्रयत्न केला. बसल्या. पुन्हा केला. पुन्हा बसल्या. मग हलल्याच नाहीत. बुरुजाकडून लेकांचे आवाज जवळ येऊ लागले, तशी त्यांनी मांडीतली पाण्याची बाटली घेतली, दातांनी झाकण काढलं आणि सगळं पाणी स्वतःच्या लुगड्यावर ओतलं.

तेव्हा कळलं, मला हाक कशासाठी होती. लघवीला न्या, हे लेकांना सांगणं त्यांना जमलं नसतं. ते काम फक्त माझ्याजवळ सांगायचं होतं.

मी वॉकर घेऊन बाहेर आले. त्यांनी वॉकर पाहिला, मग मला पाहिलं.

"माह्या हातून पाणी सांडलं," त्या सगळ्यांना म्हणाल्या.

इथे तरी मी गप्प राहायचं ना? पण माझी चोरी उघडी पडेल, ही भीती. मी चढ्या आवाजात म्हटलं, "पिण्याचं पाणी होतं थे, आई! लहान लेकरू हाये का?"

"गडावर येऊन आंघोळ केली का वो माय?" नवरा म्हणाला. सगळे हसले. आईही हसल्या.

त्या मागच्या भाद्रपदात गेल्या. तोवर रोज मला वाटायचं, आज लेकाला सांगतील, आज सांगतील. जेवताना मायलेक हळू बोलले की माझे कान तिकडे. त्यांनी कधीच सांगितलं नाही. बरणी कोणी काढली, तेही मला अजून माहीत नाही.

गडावरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लुगडं वेगळं धुतलं, वाळत घातलं. मग स्वयंपाकघरात गेले. लोणच्याची बरणी पुन्हा वरच्या फळीवर ठेवली, आणि हात लागला तर दिसावा म्हणून रोडग्याचं उरलेलं पीठ झाकणावर भुरभुरलं.