सिस्टरचं ताट

हयातीचा दाखला द्यायला आम्ही दोघी दर नोव्हेंबरात बरोबर जायचो. चिखलीच्या बँकेत त्या दिवसांत पेन्शनवाल्यांची ही गर्दी असते, म्हणून जी आधी पोचेल तिनं दुसरीचीही जागा धरायची, असं आमचं ठरलेलं. यंदा मी आधी पोचले. मागे उभ्या असलेल्या गुरुजींना सांगून ठेवलं, की इथे मध्ये एक सिस्टर येणार आहेत, नंतर कुरकुर करू नका. साडेदहा झाले, अकरा झाले, सिस्टर येईनात. मला रागच आला. अख्ख्या गावाला वेळेवरून बोलणाऱ्या बाई, आणि आज स्वतःच... तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "मावशी, रांगेत उभ्या राहू नका. आई गेली." पहाटे झोपेतच गेल्या होत्या. मी हातातला फॉर्म तसाच पर्समध्ये कोंबला आणि रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. जिवंत असल्याचा दाखला मी पुढे आठ दिवसांनी दिला, आणि सही करताना मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्यांचं नाव पंचशीला. पण अमडापूर आणि आसपासच्या गावांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली असेल, असं वाटत नाही. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या, आणि तीस वर्षं सगळ्यांच्या 'सिस्टर'च राहिल्या. मी तिथल्या शाळेत बदलून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या पोरांना इंजेक्शनं द्यायला आल्या. पोरं धरायचं काम माझ्याकडे. चौथ्या पोराला सुई टोचली आणि इकडे मलाच चक्कर आली. सिस्टरांनी मला खुर्चीवर बसवलं, साखरपाणी पाजलं आणि वर्गासमोर म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यापरीस हे पोट्टं बरं." वर्ग हसला. मला तो अपमान वाटला होता, पण संध्याकाळी त्या क्वार्टरवर माझी चौकशी करायला आल्या आणि दोन तास बसल्या. तेव्हापासून मी त्यांना सिस्टर आणि त्या मला मॅडम. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना 'अगं' म्हटलं नाही. तशी गरजच पडली नाही.

आता इथे एक कबुली देऊन टाकते. भांडी घासणं हे काम मला जन्मात कधी आवडलं नाही. स्वयंपाक म्हणाल तर वीस माणसांचा करीन, पण उष्ट्या भांड्यांचा ढीग पाहिला की माझं डोकं दुखतं. अमडापूरला बाई होती, चिखलीत घर बांधल्यावरही होती. मग निवृत्तीनंतर दोन गोष्टी एकदमच झाल्या. बाईनं काम सोडलं आणि मला चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण दोन्ही मनगटं धरली ती धरलीच. साधी कढई उचलायची म्हटलं तरी कळ निघायची. आमचे हे पेपर वाचता वाचता 'अरेरे' म्हणायचे, त्यापलीकडे काही नाही. शेवटी बाजारातून कागदी प्लेटांची बंडलं आणली. चंदेरी, चकचकीत, जेवा आणि फेका. द्रोणही आणले. काय सुख वाटलं म्हणून सांगू. जेवण झालं की सगळं गोळा करून पिशवीत, मोरी कोरडीठाक. हे म्हणायचे, रोज कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, मग अहेर आणा.

सिस्टरही निवृत्त होऊन चिखलीतच राहायला आल्या होत्या, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दिवसाआड त्यांची चक्कर असायचीच. त्या हिवाळ्यात माझा मुलगा पुण्याहून बायकापोरांसह आला, तेव्हा मी मागच्या अंगणात गोवऱ्या पेटवून रोडग्यांचा बेत केला. निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. सिस्टरांना हे सगळं इतकं आवडायचं की निरोप जायच्या आधीच त्या यायच्या. आल्या, बसल्या. मी प्लेटा मांडल्या. त्यांनी समोरच्या प्लेटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले भूक नाही, मॅडम. सकाळी उशिरा खाल्लं." मी आग्रह केला, सुनेनं केला. त्या नातवाला रोडगा कुस्करून देत बसल्या, पण स्वतः घासभरही घेतला नाही. पुढे हे नेहमीचंच झालं. चहा घ्यायच्या, कारण कप घासलेले असायचे. जेवायचं म्हटलं की, "जेवून आली." दुपारी बारा वाजता आल्या तरी जेवून आली, दोन वाजता आल्या तरी जेवून आली.

मला वाटलं, हा कचऱ्याचा मुद्दा आहे. सिस्टर स्वच्छतेच्या बाबतीत कडक, तेव्हा प्लेटांचा उकिरडा होतो म्हणून त्या मला न बोलता शिकवण देत असणार. आणि शिकवण घ्यायची सवय मास्तरणीला नसते. माझा राग साठत गेला. एके दिवशी मी भरल्या मिरच्या केल्या होत्या, त्यांच्यासाठीच केल्या होत्या, आणि त्या पुन्हा म्हणाल्या, "जेवून आली." मी फाडकन बोलले, "सिस्टर, एवढा माझ्या प्लेटांचा त्रास होत असेल तर घरून आपलं ताट घेऊन येत जा."

त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला, पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना व्हायचा तसा. चपला घातल्या आणि गेल्या. मला वाटलं, चला, एकदाचं बोलून टाकलं ते बरं झालं.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आल्या, हातात कापडी पिशवी. बसल्या आणि पिशवीतून एक ताट काढून समोर ठेवलं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, जुनं, बुडाला पोचे आलेलं. "वाढा," म्हणाल्या. आमचे हे हसून म्हणाले, "घ्या, सिस्टरांनी खरंच आणलं." मीही हसले... ते माझं हसणं अजून माझ्या कानात आहे. मी वाढलं. त्या शांतपणे दोन पोळ्या जेवल्या, भाजी मागून घेतली, मग उठल्या, मोरीवर जाऊन ताट घासलं, पदरानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. मी विचारलं, "कुठून काढलं हो हे पुराणकाळातलं?"

"मायचं आहे," सिस्टर म्हणाल्या. डोस कसा घ्यायचा ते सांगतात तशा सरळ आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. "गावात कोणाचं लगन असलं का आमाले बी जेवाले बोलवत. सगळ्यायच्या पंगती उठल्या का मंग आमी बसू, आवाराच्या बाहेर. ताट आपलं, गिलास आपला, घरून नेलेला. वाढणारा वरून टाके. मी सहा-सात वर्षांची असीन. मायले इचारलं, यायच्या घरी एवढे ताटं दिसून राह्यले, आपल्याले काऊन देत नाही? माय म्हणे, देतीन बी, पण आपलं ताट कोण धुईन बाई?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला होता.

"मले माहीत आहे, तुमचे हात दुखतात," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या मनात तसं काही नाही, हेबी माहीत आहे. डोक्याले समजते. पण त्या कागदाच्या ताटापुढं बसली का मले मायच ऐकू येते. आपलं ताट कोण धुईन. घास उतरत नाही, मॅडम. मी काय करू?"

आम्ही कुणबी. माझ्या माहेरी गोठ्याच्या कोनाड्यात एक थाळी आणि एक कप वेगळा ठेवलेला असायचा. कामाला येणाऱ्या बौद्ध गड्यासाठी. तो ते स्वतः घ्यायचा, स्वतः धुवायचा, परत ठेवायचा. मी ते रोज पाहत मोठी झाले आणि त्यात काही पाहण्यासारखं आहे, हे मला कधी दिसलंच नाही. इतक्या वर्षांची मैत्री, आणि माझ्या तोंडून नेमकं तेच वाक्य निघावं... मी रडायला लागले. सिस्टरांना रडणारी माणसं चालत नसत. "रडू नका," म्हणाल्या, "मले बाजारात जायचं आहे." पण गेल्या नाहीत. बसून राहिल्या, आणि थोड्या वेळानं आपणहून चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. त्यांना प्रत्येक दुखण्यावर तोडगा काढायची सवय होती. मी स्टीलची ताटं माळ्यावरून उतरवून घासत बसले होते, मनगटं बोंबलत होती, आणि त्या दारात उभ्या. "हे असं चालणार नाही," म्हणाल्या. "आपण असं करू. बुधवारी मी इथं जेवाले येत जाईन. त्या दिवशीची तुमची सगळी भांडी मी घासते. माहं ताट तेवढं तुमी घासा. एकच. एका ताटानं हात तुटत नाही." मी म्हटलं, "आणि बाकीचे सहा दिवस?" त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. सिस्टरांची ती नजर ज्यांनी अमडापूरला झेलली आहे त्यांना ती ठाऊक असेल. त्या दिवसापासून आमचे हे आपली आणि माझी भांडी घासायला शिकले. बायकोची मनगटं चार महिने पाहून जे सुचलं नव्हतं, ते एका नजरेत सुचलं. उरलेली बंडलं मी फेकली नाहीत. सिस्टर म्हणाल्या, फेकता कायले, लसीकरणाच्या कॅम्पला केळी वाटायला होतील. आणि तिथेच ती संपली.

पुढची चार वर्षं बुधवार हा आमचा वार. जेवण झालं की मोरीवर दोघी. त्या कढई घासत, मी त्यांचं ताट. ताट एक, पण मी ते सावकाश घासायचे, कारण सिस्टरांच्या गोष्टी तिथेच निघायच्या. कुठल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, कुणाचं बाळंतपण केलं, कोण नवरा आत बायको ओरडते म्हणून बाहेर बेशुद्ध पडला, कुठल्या सासूनं मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं आणि सिस्टरांनी ते तोंड कसं परत वळवलं. हसून हसून साबण डोळ्यात जायचा. आमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास आम्ही मोरीवर घालवले, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मनगटं पुढे बरी झाली. मी त्यांना ते सांगितलं नाही. त्यांनाही कळलं असणार, शेवटी नर्स होत्या. त्यांनीही विषय काढला नाही.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अमडापूरहून माणसं भरभरून आली. जेवणाला कागदी प्लेटा होत्या. सुजाता माझ्याजवळ येऊन ओशाळून म्हणाली, "मावशी, एवढ्या लोकांले ताटं कुठून आणू?" मी म्हटलं, वेडी आहेस का. शेजारी सिस्टरांचे थोरले भाऊ, सुलतानपूरचे उत्तमदादा बसले होते. पंचाहत्तरीचे, काटक. ते म्हणाले, "मले तं हेच बरं वाटते. कागदाच्या ताटाले कोणी इचारत नाही, तू कोणाचं. जेवा अन् चाला." बहीणभावांचा ह्यावर जन्मभर वाद होता, हे मला तेव्हा कळलं. सिस्टर म्हणत, फेकून दिलेल्या ताटात कसली बरोबरी, दादा? दादा म्हणत, धुतलेल्या ताटाचा भरवसा तुलेच, मले नाही. दोघांचंही मला पटतं. त्या दिवशी मी कागदी प्लेटीत पोटभर जेवले.

आणि परवा उत्तमदादा आमच्या दारात आले. सुजाताकडे आले होते म्हणे, वाटेत घर लागलं. आमचं घर कुठल्याच वाटेत लागत नाही. दुपारची वेळ, मी पानं घेतली. ते जेवले, आणि उठले ते ताट हातात घेऊनच. सरळ मोरीकडे निघाले, न विचारता. मी पुढे होऊन ताट धरलं. त्यांनी सोडलं नाही. मी म्हटलं, "द्या, दादा." क्षणभर आम्ही दोघंही ते ताट धरून उभे होतो. मग त्यांनी सोडलं.

मी घासायला लागले. ते दाराला टेकून पाहत होते. मग म्हणाले, "आमची बाई सांगे, माहं ताट मॅडम घासते. मी म्हणो, थापा नको मारू. मले खरं नव्हतं वाटलं." सिस्टर गेल्यापासून मला इतकं भरून आलं नव्हतं, आणि ते दुःख नव्हतं. मी खाली मान घालून घासत राहिले, ताट विसळलं आणि निथळायला ठेवू लागले.

"थांबा," उत्तमदादा म्हणाले. "काठाले तेल राह्यलं, मॅडम."

मी पाहिलं. राहिलं होतं. मी घासणीला पुन्हा साबण लावला.