लाल गहू आणि रिकामे सापळे

जर्मनीतल्या एर्लांगेन शहराबाहेरच्या एका गवताळ पट्ट्यावर मी तीन वर्षं उंदीर पकडले. पुण्यात आई शेजाऱ्यांना ‘मुलगी जेनेटिक्समध्ये आहे’ एवढंच सांगायची, पुढचं टाळायची. हे घरातले उंदीर नव्हेत. आखूड शेपटीचे, तपकिरी, शेतात बिळं करून राहणारे. जर्मन लोक त्यांना फेल्डमाउस म्हणतात. तीन-चार वर्षांत त्यांची संख्या वाढत वाढत जाते आणि मग एखाद्या हिवाळ्यात धाडकन कोसळते. एवढे मेल्यावर जुन्या कुटुंबांपैकी कुणाचा वंश टिकतो, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. सापळ्यात वाळलं गवत आणि सफरचंदाची फोड ठेवायची, सकाळी जो सापडेल त्याच्या कानाच्या कडेचा बारीकसा तुकडा डीएनएसाठी घ्यायचा आणि त्याला तिथेच सोडायचं.

पट्ट्याला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं. त्याला माझा संशय होता आणि मला त्याचा. तो ट्रॅक्टर थांबवून माझ्याकडे बघत बसायचा. एकदा तर त्याने आमच्या गाडीचा नंबर लिहून घेतला. शेवटी एका सकाळी तो बांधावर आला.

“पकडता, आणि परत सोडता?”

“हो.”

“माझ्या शेताशेजारी?”

“जिथे सापडले तिथेच.”

“गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे ‘तेच तर!’ मी गुन्हा कबूल केल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात सगळे सापळे भरायला लागले. जमीन बिळांनी चाळणीसारखी झाली होती. त्याच आठवड्यात शेताच्या कडेला, अगदी बिळांच्या तोंडाशी, मला भडक लाल रंगाचे गव्हाचे दाणे दिसले. उंदरांच्या विषाला असा रंग देतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. दाणे कुपीत भरले, वहीत तारीख आणि जागा लिहिली. माझ्या गाइड असलेल्या प्रोफेसर बाईंना मुद्दाम सांगितलं नाही. आधी पक्का पुरावा हवा होता.

मार्चमध्ये सापळे पुन्हा लावले. पहिल्या सकाळी सगळे रिकामे. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्या दिवशी एकुलती एक मादी सापडली, तीही हडकुळी. दोन वर्षांचं काम या माणसाने मारून टाकलं, असंच मला वाटलं. तशीच त्याच्या अंगणात गेले आणि कुपी त्याच्यासमोर धरली.

“हे तुमचं ना?”

त्याने दाणे तळहातावर घेतले. मला गोठ्यामागच्या खोलीत नेलं आणि एका पोत्याचं तोंड उघडलं. पोतं तसल्याच लाल गव्हाने भरलेलं होतं.

“बियाणं आहे. बुरशी लागू नये म्हणून औषध चोळतात, आणि कुणी दळून खाऊ नये म्हणून रंग. युनिव्हर्सिटीत पेरणी शिकवत नाहीत वाटतं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडून निघालंच, “मग विष?”

“यंदा गरज पडली नाही,” तो म्हणाला.

हे वाक्य मी कित्येक दिवस चघळत राहिले. यंदा नाही, म्हणजे मागे कधी?

बाईंना आता सगळं सांगावं लागलं. त्यांनी नुसता नकाशा उलगडला. जंगलापलीकडे, दुसऱ्या दोन गावांत, आमच्या गटाचे सापळे होते. तिथेही मार्चमध्ये जवळजवळ काही सापडलं नव्हतं.

“या सगळ्या शेतांत तोच म्हातारा गेला होता का?” त्यांनी विचारलं. “ही दर वेळची पडझड आहे. हिला गुन्हेगार लागत नाही.”

तरी मी दाणे तपासायला पाठवले. बुरशीच्या औषधाखेरीज त्यांत काही निघालं नाही. हे झालं मी उचललेल्या दाण्यांचं, असं मनात आलंच.

पुढच्या उन्हाळ्यात पट्ट्यावर उंदीर पुन्हा दिसू लागले. त्यांचे डीएनए जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले. बाहेरून आलेले फारसे नव्हते. बहुतेक सगळे दोन-तीन जुन्या कुटुंबांचे वंशज होते, आणि ती कुटुंबं म्हाताऱ्याच्या शेताच्या टोकाला, त्याने न नांगरलेल्या कोपऱ्यात राहणारी. मी त्याला विचारायला गेले, तो कोपरा का सोडला?

“तिथे ट्रॅक्टर वळत नाही.”

वळत होता. मी स्वतः पाहिला होता. पण या वेळी मी वही बाहेर काढली नाही.

“म्हणजे हे उंदीर तुम्ही आणून सोडले नाहीत?” आता त्याने विचारलं.

“नाही. इथलेच आहेत. पिढ्यान् पिढ्या.”

“कागदावर आहे?”

मी त्यांच्या वंशावळीच्या आलेखाची प्रत दिली. चष्मा लावून त्याने ती बराच वेळ वाचली, मग घडी घालून खिशात ठेवली.

“ठीक आहे,” तो म्हणाला, “हे खरं का, ते दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघतो.”