नकाशेकाकांनी लपवलेली फाइल

शहराच्या पाणीखात्यात एकवीस वर्षं नकाशे काढणारे नकाशेकाका माणूस वाईट नव्हते, पण संशय त्यांच्या पाचवीला पुजलेला. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचे.

जपण्यासारखं त्यांच्याकडे एक होतं मात्र. खात्याच्या अधिकृत नकाशात जमिनीखालचे निम्मे पाइप भलतीकडेच दाखवलेले. कुठेही खड्डा खणला की काका टेप घेऊन काठावर हजर. पाइपाची खरी जागा मोजायची आणि आपल्या फाइलीत उतरवायची. कागद त्यांनी कधीच ठेवला नाही, कागद कुणीही उचलतो! ती फाइल त्यांच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर, उजव्या कोपऱ्यात असायची. पाइप फुटला की साहेबसुद्धा धावत त्यांच्या टेबलाशी यायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या माणसाला एरवी विचारतो कोण?

एका शुक्रवारी कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या.

"काका, सोमवारपासून तुमच्या डेस्कटॉपवरच्या फाइली कॉम्प्युटरच्या या डब्यात राहणार नाहीत. खालच्या खोलीतल्या सर्व्हरवर राहतील. तुम्हाला दिसतील इथेच."

"दिसतील इथे आणि असतील तिथे?"

"हो."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. "म्हणजे खालच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो बघणार सगळं."

"नाही हो. आणि कुणी उघडलंच तर त्याची नोंद होते."

"नोंद कोण ठेवतं?"

"मी."

"झालं!" काका म्हणाले.

गेल्याच आठवड्यात साहेबांनी सहज विचारलं होतं, 'तुमचा तो नकाशा कुठे असतो हो?' आणि आज हे. कुठेतरी पाणी मुरत होतं. नकाशा एकदा साहेबांच्या हाती लागला, की काकांना कोण कुत्रं विचारणार? बाई पाठमोऱ्या होताच त्यांनी फाइल डेस्कटॉपवरून काढली आणि त्याच डब्याच्या पोटात, आडबाजूला 'जुना प्रिंटर' नावाचं फोल्डर करून त्यात दडवली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्या रात्री ते म्हणे शांत झोपले.

चार महिने गेले. रोज दार लोटून काका फाइल उघडायचे आणि पुन्हा दडवायचे. मग एका सकाळी डबा सुरूच होईना. बाईंनी तो नेला, दुपारी नवा आणून ठेवला. काकांनी पासवर्ड टाकला आणि बायकोच्या औषधांची यादी, भाचीच्या साखरपुड्याचे फोटो, रजेचे अर्ज, सगळं जिथल्या तिथे हजर.

"बघा, एक फाइल हलली नाही," बाई म्हणाल्या.

"जुना डबा कुठाय?"

"त्याची डिस्क जळाली. पण आता त्या डब्याचं काय काम? डेस्कटॉपवरचं सगळं खालीच होतं."

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. 'जुना प्रिंटर' डेस्कटॉपवर नव्हता, डब्यातच होता. आणि काय विचारलं, तर, "ती नोंद दाखवा. खालचं माझं फोल्डर कुणी कुणी उघडलं?"

बाईंनी दाखवली. काकांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. चार महिन्यांत एकच माणूस त्या फोल्डरकडे फिरकला होता. प्रत्येक ओळीत काकांचं स्वतःचं नाव. साहेब नाहीत, बाई नाहीत, कुणी नाही. काकांना रडू येईलसं वाटलं. चोर तरी सापडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या चौकात पाइप फुटला. साहेब धावत आले. "काका, नकाशा!"

"गेला," काका म्हणाले. "माझ्याच हाताने गेला." एवढं बोलून त्यांनी टेप उचलली आणि साहेबांच्या आधी जिना उतरले. आठवेल तसं सांगितलं. पहिला खड्डा चुकला, दुसऱ्यात पाइप लागला. काकांनी चिखलात उतरून मोजमाप घेतलं.

संध्याकाळी त्यांनी नवी फाइल काढली. शेकडो पाइपांच्या शहरात एकच रेघ. ती डेस्कटॉपवर उजव्या कोपऱ्यात ठेवली आणि बाईंना फोन लावला.

"खाली पोचली का?"

"पोचली, काका."

"नक्की?"

"नक्की."

काका घुटमळले. "एकदा उघडून बघा ना," ते म्हणाले.