मी वाचून दाखवलेला कागद

घाण्यावर तेल घ्यायला येणारी शिकलेली माणसं मला एक वाक्य हमखास ऐकवतात. "काम बदललं आणि चेहऱ्यावर कसं समाधान आलंय बघा." मी हसतो. गेल्या वर्षी एका शाळेनं मला मुलांसमोर बोलायलासुद्धा बोलावलं होतं, विषय 'मनासारखं काम'. मी बोललो. कचेरीसमोरचं टेबल सोडून लाकडी घाणा कसा टाकला, करडईचं तेल गाळताना मन कसं निवळतं, वगैरे. टाळ्या पडल्या. घरी येऊन तीनदा चूळ भरली तरी तोंडाची चव गेली नाही.

खरं काय ते आता लिहितो.

बावीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीसमोर लोकांचे कागद लिहीत होतो. लोक मुन्शी म्हणत. आमच्या सीमेवरच्या भागात माणूस बोलतो मराठी, कागद होतो कन्नड. ज्याचा कागद त्यालाच तो वाचता येत नाही, म्हणून मी वाचून सांगायचो. प्रत्येक कागदाच्या शेवटी मीच एक ओळ लिहायचो: वरील मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. खाली अंगठा. त्या ओळीवर माझं घर चाललं. आणि निम्म्या वेळा मी काहीच वाचून दाखवलेलं नसायचं. "नेहमीचंच हाय, टेका अंगठा," एवढं म्हटलं की झालं.

ठाणाकुशनूरकडची एक विधवा बाई होती. तिला तिचे दोघे भाऊ घेऊन आले. बापाच्या जमिनीतला बहिणीचा हक्क सोडल्याचा कागद करायचा होता. आमच्याकडे त्यात विशेष काही नाही. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बहिणी साडी-चोळी घेऊन सही करून मोकळ्या होतात. हिनंही कदाचित केली असती. पण भावांना विचारायचंच नव्हतं. थोरला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पेन्शनचा कागद हाय म्हनून सांगा, अण्णा. इनाकारन रडारड नगं."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर कागद समोर धरून, अडखळायचं तिथं अडखळून, त्यात नसलेली पेन्शन वाचून दाखवली. आत साहेब कन्नडमध्ये विचारतील तेव्हा 'हौदु', म्हणजे 'होय', म्हणायचं, हेही पढवलं. तिचा अंगठा मीच शाईत बुडवला, मीच दाबला. तिनं तो पदराला पुसला आणि म्हणाली, "लई उपकार झाले, अण्णा."

मग भावांनी मला खानावळीत मटण खाऊ घातलं. ती बाहेर ओट्यावर बसून घरून आणलेली भाकरी खात होती. मी नळी फोडून चोखली. आज ते आठवलं की मला माझ्या दातांचीसुद्धा किळस येते.

यानंतर मी ते काम सोडलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. तसं झालं नाही. आणखी चार वर्षं मी त्याच टेबलावर बसलो. मग कागद संगणकावर निघायला लागले, समोरच्या दुकानात छापील नमुने भरून मिळायला लागले, माझ्याकडे कुणी फिरकेना. तेव्हा घाणा टाकला. समाधान हा शब्द गिऱ्हाइकांनी चिकटवला आणि मी तो चिकटू दिला. घाण्याचं काम मला मनापासून आवडतं, हे मात्र खोटं नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

मागच्या महिन्यात, भर दुपारी, ती आली. विचारत विचारत आली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून त्या कागदाची झेरॉक्स काढली.

"वळखलाव का, अण्णा? माझा पेन्शनचा कागद तुमीच केलता. अजून एक रुपाया आला न्हाई. भाऊ म्हनतेत, येईल, येईल. कामून येईना झालीय, बघा की जरा."

तेलासाठी बाटली घेऊन उभे असलेले एक निवृत्त मास्तर हसले. "बघा, जुना धंदा काय सोडत न्हाई तुमाला!"

'कचेरीत चौकशी करा, अक्का' एवढं म्हणालो असतो तर ती गेली असती. वाक्य जिभेवर आलंही होतं. मी घाणा बंद केला आणि तिला तो कागद वाचून दाखवला. पहिल्यांदाच, पूर्ण. शेताच्या चतुःसीमा, तिच्या बापाचं नाव, 'यापुढे माझा कोणताही हक्क राहिलेला नाही', सगळं.

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"भावाला ठावं हुतं?"

"व्हय."

"अन् तुमाला?"

"व्हय, अक्का. मीच लिवलो."

ती रडली नाही. माझ्या तोंडावर थुंकलीही नाही. थुंकली असती तर सुटलो असतो. मास्तर रिकामी बाटली तशीच घेऊन निघून गेले.

"आता बोललाव ते लिवून द्या," ती म्हणाली.

"नुसतं लिहून जमीन माघारी येत न्हाई, अक्का. वकील लागतो, कोर्ट लागतं..."

"त्ये मी बघते. तुमी लिवा."

मी लिहायला बसलो. सवयीचा हात, सरसर चालला. दोन ओळी झाल्या तशी तिनं थांबवलं.

"वाचा बरं, काय लिवायलाव ते."

मी वाचलं, "माझ्याकडून नजरचुकीने चुकीची माहिती देण्यात आली..."

"नजरचुकीनं म्हंजे?"

"म्हंजे... ध्यानात न येता."

"तुमच्या तर चांगलं ध्यानात हुतं की वो. खोडा त्ये."

मी खोडलं. खोटं सांगितलं, असं लिहिलं.

"मुद्दाम, म्हनून बी लिवा."

तेही लिहिलं.