चालकासाठी बाजूचं दार

मी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर बॉयलर आणि टाक्यांची ड्रॉइंग काढतो आणि घरी आलो की रणगाडे करतो. प्लास्टिकचे, काडेपेटीहून जरा मोठे, आणि कधीच अस्तित्वात नसलेले. दुसरं महायुद्ध संपलंच नसतं, शत्रू उरणच्या किनाऱ्यावर उतरला असता, तर इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घाईघाईनं कसले रणगाडे बनले असते, ते मी शोधून काढायचो. एका मॉडेलचं धड, दुसऱ्याचा फिरता बुरूज, मागे ट्रकचं इंजिन. मग थर्माकोलची कर्नाळ्याची खिंड मांडायची, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. बायकोनं दोनदा फासे टाकून पाहिले आणि नाद सोडला. त्यामुळे बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी मीच खेळत होतो.

पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचं छोटं प्रदर्शन होतं. तिथे साठीचा एक ताठ माणूस माझ्या टेबलापाशी थांबला. एका रणगाड्यावर वाकून त्यानं बराच वेळ पाहिलं.

"यातला डायवर भायेर कसा येल?"

"वरच्या झाकणातून," मी म्हणालो.

"आनि तोफ त्या झाकनावर आली तं?"

मी वाकून झाकण पाहू लागलो. तो हसला नाही. म्हणाला, "इचार कर."

ते उरण रस्त्यावरच्या एका गावचे. सैन्यात रणगाड्यावर तोफची होते, वीस वर्षं. पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले आणि मग येतच राहिले. मी त्यांना काका म्हणू लागलो. माझी ड्रॉइंग ते माझ्या साहेबापेक्षा बारकाईनं तपासायचे. चाकांवरचे पट्टे अरुंद झाले, मिठागराच्या चिखलात रुतेल. गोळे ठेवायला जागा कुठाय? एकदा त्यांनी खेळाचा नियमच बदलायला लावला. रणगाडा पेटला की आतला प्रत्येक माणूस सुटतो का, त्यासाठी वेगळा फासा टाकायचा.

असं का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. चहाचा कप हातात होता, तो त्यांनी प्यायलाच नाही.

"लढाई नव्हती. सराव होता, वालवंटात. इंजिनाला आग लागली. मी बुरूज फिरवलेला, तोफ नेमकी डायवरच्या झाकनावर. ते उघडंना. हातानं चाक फिरवून तोफ बाजूला घेता येते. मला म्हाईत होता. पन मी उडी मारली." कप खाली ठेवून म्हणाले, "आतून ठोकत होता तो."

त्यांचा चालक साताऱ्याकडचा होता. दोघं एका ताटात जेवायचे.

त्या आठवड्यात मी नवा रणगाडा काढला. धडाच्या डाव्या अंगाला, पट्ट्यांच्या वर, चालकासाठी दार दिलं. त्यानं चिलखत कमकुवत होत होतं, पण काकांना ते चालणार होतं. प्लास्टिकच्या पत्र्यातून नखाएवढं दार कापलं, तारेच्या बिजागरीवर बसवलं. काका ते बोटानं उघडत राहिले, मिटत राहिले. खेळात त्यांचा रणगाडा दोन-तीनदा पेटला. दर वेळी चालक सुटला. एकदा फासा उलटा पडला, तेव्हा मी तो उचलून पुन्हा टाकला. त्यांनी बोटानं ते दार उघडलं.

दोनेक वर्षांनी काका विसरू लागले. आधी नियम, मग माझ्या घरचा रस्ता. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढतच जाणार. मग मीच त्यांच्याकडे जाऊ लागलो. एकदा त्यांची सून मला दारातच भेटली.

"दादा, कर्नाळ्याला कधी लढाई झाली होती का? बाबा सांगतात, ते तिथे लढले. रणगाडा पेटला, पण त्यांचा डायव्हर बाजूच्या दारानं बाहेर आला."

मी चपला काढता काढता थांबलो.

"तो जेवायला येणार म्हणतात. रोज गेटवर खुर्ची टाकून बसतात. आत यायला तयार नसतात."

मी काकांशेजारी जाऊन बसलो. रस्त्यानं डंपर चालले होते, धूळ त्यांच्या अंगावर येत होती. मला वाटलं, हे मी केलंय, तर मीच निस्तरायला हवं. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "काका, ती लढाई आपला खेळ होता. ते दार मी काढलं होतं. खऱ्या रणगाड्याला ते नव्हतं. तो वाचला नाही, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कवा मेला?"

मी सांगितलं.

ते जसे रडले, तसं रडताना मी कुठल्या म्हाताऱ्या माणसाला पाहिलेलं नाही. छाती पिटत होते. "मी चाक नाय फिरवला," एवढंच पुन्हा पुन्हा. सून धावत आली. त्यांना आत नेताना तिनं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. काका सकाळीच पुन्हा गेटवर जाऊन बसले होते. कालचं काही आठवत नव्हतं.

"पुन्हा नका सांगू त्यांना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "रोज एकदा मारायचं का त्याला?"

त्यानंतर सून त्यांना रोज जे सांगायची, तेच मीही सांगू लागलो. उद्या येईल, काका. गाडी चुकली असेल. ते मान हलवायचे. खोटं बोलताना मला सुरुवातीला घाम फुटायचा, मग तोही फुटेनासा झाला. नवीन रणगाडा काढायला बसलो की पेन्सिल कागदावर टेकायची नाही. बायकोनं विचारून टेबल आवरलं. मी नको म्हणालो नाही.

यंदा पावसाळ्यानंतर काकांनी गेटवर बसणं सोडलं. आता ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून असतात. मी शेजारी बसतो. मागच्या रविवारी न राहवून मीच म्हणालो, "काका, तो उद्या येतोय."

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि परत भिंतीकडे वळले.