गाडीसमोर उभी राहणारी थोरली काकी

आमच्या वाडीतली थोरली काकी रस्त्यावरून बाजूला होत नसे. बैल येवो, ट्रक येवो; ज्याला घाई त्याने वळसा घ्यावा. सत्तरीच्या पुढची, काटकुळी, पण आवाज पलीकडच्या डोंगराला ऐकू जाणारा.

ऐंशीच्या त्या दशकात तालुक्याला जायला सकाळची एकच गाडी. तिच्या ड्रायव्हरने रीत धरली होती: थांब्यावर नुसती म्हातारी माणसं दिसली की गाडी पुढे दामटायची. चढायला वेळ लावतात म्हणे! तरणे सगळे मुंबईला. मग हात दाखवायला उरलं कोण?

तेवढ्यात मी रत्नागिरीहून बी.ए. होऊन आलो. आमच्या घराण्यातला पहिला. वाडीने माझ्या पदवीचा लगेच उपयोग केला. इस्त्रीची पँट घालून मी थांब्यावर उभं राहायचं आणि म्हाताऱ्यांनी करवंदीच्या जाळीआड बसायचं. गाडी थांबली की सगळी बाहेर!

युक्ती लागू पडली, पण काकी भडकली. "दडायला आपून कुनाची कोंबडी चोरलीय? आनि तू रं, एवढा शिकून गळाचं गांडूळ झालास?"

तिला डोळे दाखवायला तालुक्याच्या दवाखान्यात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. करकचून ब्रेक लागला.

"म्हातारे, मरायचंय काय?" ड्रायव्हर ओरडला.

"मरायला गाडी कशाला रं? मरन घरात येतंय चालत. गाडी लागते ती जगायला!"

पायरी उंच. काकीने आधी गुडघा टेकला, मग दांडा धरला.

"आजी, उशीर होतोय," कंडक्टर कुरकुरला.

"तुजा उशीर तुज्यापाशी ठेव."

जाळीआडची एकेक उठून तिच्यामागे चढली. पुढे काम असो-नसो, काकी सकाळी थांब्यावर हजर. गाडी पुरती थांबल्याशिवाय समोरून हलायची नाही. हळूहळू ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलं.

अखेर तिला दिसेनासं झालं. मुलगा जीप घेऊन मुंबईला न्यायला आला.

"आये, बस."

"गठुडी घाल तुज्या जीपात. स्टँडपातूर मी गाडीनंच जानार. आज मी जीपात बसली, तर उद्या ही बाकीची घराभाईर पडायची नाय."

चाचपडत चढायला तिला फार वेळ लागला. ड्रायव्हरने इंजिन बंद करून टाकलं.

मुंबईहून काकी परत आली नाही. मला ती दिसते ती त्या सकाळचीच: खिडकीशी ताठ बसलेली, आणि मागून तिची गठुडी घेऊन मुलाची जीप, तिच्या गाडीची तांबडी धूळ खात.